गोठ्यातलं माणूस

‘तुन्हं कोन गयं व बहीन?’ असं जसोदाबाईनं विचारलं तेव्हा सुभद्रेच्या हातातली गंधाची काडी भिंतीवरच थांबली. नागपंचमीची सकाळ. गल्लीतल्या बायकांनी हौसेनं हिला पुढं केलं होतं. रेल्वेच्या नव्या मालबाबूची बायको, कोकणातली, रांगोळीला हात चांगला, तेव्हा औंदा ओट्यावरचे नाग हिनंच काढावेत असं ठरलं. एरवी तिथं पाच वेटोळी काढून त्यांना फण्या चिकटवल्या की काम भागायचं. सुभद्रेनं काडी हातात घेतली आणि मग तिचं तिलाच भान राहिलं नाही. भिंतीवर नाग आला, त्याच्या शेजारी घोणस आली, अंगावरच्या साखळीसकट. मण्यार आली, खाली अंग घासत वळलेलं फुरसं आलं, डोक्यावर बाणाची खूण घेऊन. बायका आधी हसत होत्या, मग कुजबुजू लागल्या, मग एकेक करून हळदकुंकू उडवून घरी गेल्या. उरली ती विचारणारी एकटी. गल्लीच्या टोकाला म्हशी ठेवणारी, दूध घालणारी जसोदाबाई. ती जवळच्या कोरीट गावच्या शेतकरी घरातली विधवा, अंगानं हाडकुळी, बोलण्यानं थोडी. तिनं चित्राचं कौतुक केलं नाही. तुझं कोण गेलं, एवढंच विचारलं. सुभद्रेनं कपाळावरचा घाम पुसला आणि ‘कुणी नाही’ असं म्हणून ती घरात गेली. आत गेल्यावर ती पाटावर बसली.

या गावात कुणाला काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. लग्न ठरताना मुलीचा भाऊ तापानं गेला असं सांगितलेलं होतं, आणि सांगणारे तिचे वडीलच होते. सापानं गेला म्हटलं की चार घरं मागं सरतात, त्यातून साप खेळवणारा म्हटलं की विचारूच नका. दादा सापांमागं वेडा होता. अंगणात, आगरात, बांधाच्या दगडात, जिथं सापडेल तिथं तो पालथा पडून बघत बसायचा आणि शेजारी ही, परकराचा ओचा खोचून. तिचं माहेरचं नाव द्वारका. ‘द्वारके, हलू नकोस, ती जीभ बाहेर काढत्ये ना, तेव्हा वास घेत्ये आपला.’ ‘द्वारके, साप म्हणजे साप. देव नाही, भूत नाही, कुणाचा आजा नाही. त्याच्याकडं त्याच्यासाठीच बघायचं.’ घरात साप हा शब्द काढायची चोरी होती. म्हणायचं झालं तर लांबडं म्हणायचं, तेही दिवसाउजेडी. हे दोघं मात्र माडाखाली बसून साप साप साप असं मुद्दाम म्हणत आणि खिदळत. मग एका फुरशानं दादाला धरलं. फुरसं लगेच मारत नाही, ते सावकाश माणूस पोखरतं. दादा माजघरात पडून होता आणि हिला जवळ बोलावून एकेक सांगत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय. ‘द्वारके, आता हिरड्यांतून आलं बघ. हे असंच होतं म्हणतात.’ हसताना त्याचे दात लाल दिसत होते. पुढं लग्नात तिचं नाव बदललं, सुभद्रा झाली, आणि द्वारके अशी हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. फक्त कानाशी ती हाक अधूनमधून यायची, ओळखीच्या त्याच चेष्टेखोर सुरात. भांडी घासताना, वेणी घालताना, गाडीत बसून तापीच्या काठचा हा सगळा उघडाबोडका मुलूख बघताना. ‘द्वारके, इथं घोणस असणार हो, नक्की.’ ती इकडंतिकडं बघायची आणि पदर सारखा करायची.

तिला भुताची भीती नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच, की एक दिवस आपण त्याचा आवाज विसरू. त्याच्याबद्दल बोलायचं तर सापांबद्दल बोलावं लागणार, आणि सापांबद्दल बोलायला कुणी माणूस नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या बदल्यांपायी तीन गावं झाली, प्रत्येक गावात तिनं चाहूल घेतली होती. कुठं गारुडी भेटला, तर त्याला दात उपटलेल्या सापाशी आणि पोटाशी मतलब. कुठं शेजारीण ‘आमच्या परसात निघतात हो’ म्हणाली, तर तिला काठी घेऊन धावणारा दीर सांगायचा होता. आपल्यासारखं कुणीतरी एक असावं, बस. ज्याच्यापाशी बसून साप म्हटलं तर ते उठून जाणार नाही. नवरा, भास्करराव, भला माणूस होता, पण त्याला जमिनीवर पडलेला सुतळीचा तुकडाही नीट बघवत नसे. नंदुरबारला उतरल्यावर मिरचीच्या ठसक्यानं दोघांचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, ‘रडू नकोस, चांगलं आहे गाव.’ ती रडत नव्हती. पण त्यानं तसं म्हटल्यावर मात्र तिला खरंच रडू आलं.

जसोदाबाईचा तो प्रश्न तिच्या मनात कुसळासारखा बसून राहिला. विचारणारीचा सूर चौकशीचा नव्हता. एखादी बाळंतीण दुसरीला विचारते, कितवं गं, तसा तो होता. आपल्यातलीच एक समजून विचारलेला. श्रावण गेला, भादव्यात गौरी आल्या-गेल्या, आणि एका दुपारी दूध आणायचं निमित्त काढून सुभद्रा गल्लीच्या टोकाला गेली. गोठ्यात दोन म्हशी, मागं भिंतीला लागून कडब्याची गंज, एका बाजूला गोवऱ्यांची उतरंड. जसोदाबाई जमिनीवर नुसती बसली होती, हात मांडीवर. तिनं मान वळवली नाही, फक्त बोट ओठावर ठेवलं आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. सुभद्रा बसली. गंजीच्या बुडातून धामण बाहेर येत होती. लांबच लांब, पिवळट तपकिरी, मागं शेपटीकडं जाळीदार होत गेलेली. तिनं उन्हाच्या पट्ट्यात अंग पसरलं, डोकं किंचित उचललं आणि दोघींकडं बघितलं. सुभद्रा नकळत पुढं झुकली. तिनं किती वर्षांनी साप पाहिला होता! ‘द्वारके,’ कानाशी आवाज आला, ‘काय देखणी आहे बघ.’ आणि ती मोठ्यानं म्हणून गेली, ‘काय देखणी आहे!’

‘देखना शे,’ जसोदाबाई म्हणाली. ‘पहिल्यापास्नंच देखना व्हता.’

त्यानंतर सुभद्रेच्या दुपारी बदलल्या. जेवणं उरकली, भास्करराव पुन्हा मालधक्क्यावर गेला की ती तांब्या घेऊन निघे. गल्लीला वाटे बाबूची बायको दुधात फार चोखंदळ. गोठ्यात दोघी बसत, चहा होई, कधी धामण येई, कधी येत नसे. न आली तरी बिघडत नव्हतं, कारण सुभद्रेला बोलायला मिळत होतं. ती सांगत सुटली. फुरसं अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज कसा करतं, कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर निळसर साय कशी येते आणि त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, दादानं एकदा हरणटोळ डोक्यावर घेऊन मामाला कसं घाबरवलं होतं. साप हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला तेव्हा ती दचकून इकडंतिकडं बघू लागली, तर जसोदाबाई म्हणाली, ‘म्हन, म्हन. त्याले काय वाईट वाटत नही.’ एकदा सुरुवात झाल्यावर मग काय, तोंडाचा पट्टा थांबेना. दादाच्या लाल दातांचंही तिनं सांगितलं. ते तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. जसोदाबाईनं तिचा हात हातात घेतला नाही, हळहळ केली नाही. ‘बठ, बठ,’ म्हणाली आणि आणखी थोडा चहा ओतला. त्या दिवशी घरी जाताना सुभद्रेला वाटलं की आपण या गावात राहायला आलो, ते आज.

थंडी पडली, मिरच्यांचा हंगाम आला. गोठ्यामागच्या माळावर मिरचीची पथारी पडली. म्हणजे गाड्याच्या गाड्या ओली मिरची आणून उन्हात पसरायची, उलथायची, वाळली की पोत्यात भरायची. डोंगरातून मजूर उतरले. त्यांतली फुलीबाई तळोद्याच्या वरच्या अंगाची. जसोदाबाईच्या ओसरीत तिनं बिऱ्हाड टाकलं आणि दुपारच्या सुट्टीत तीही यांच्यात येऊन बसू लागली. तिचे हात कोपरापर्यंत मिरचीनं झोंबलेले असत. ते ताकाच्या भांड्यात बुडवून ती धामणीकडं बघत बसे. तिला दोघींच्या बोलण्यातलं निम्मं समजे, पण हसायची पुरं. एकदा सुभद्रेनं विचारलं, तुमच्याकडं सापाचं काय करतात? ‘आमु काय करत नाही,’ फुलीबाई म्हणाली. ‘तो त्याच्या वाटेनं, आमु आमच्या वाटेनं. वाट मोठी आहे.’ हे दादाला फार आवडलं असतं. सुभद्रेनं कान देऊन ऐकलं, तर दादाला आवडलंही होतं. तिघींची ती बैठक कुणी बघितली असती तर हसलं असतं. एक बाबूची बायको, एक दूधवाली, एक मजूरीण, आणि समोर उन्हात लोळणारी धामण. सुभद्रा मात्र मनाशी म्हणे, आपली माणसं सापडली. तिचं अंग भरलं, जेवण वाढलं, भास्करराव चक्क म्हणाला की इथलं पाणी मानवलं तुला.

एकच गोष्ट तिला खुपत असे, आणि ती तिनं बरेच दिवस नजरेआड केली. जसोदाबाई धामणीच्या अंगाकडं, चालीकडं बघायची नाही. ती बघायची तोंडाकडं. सुभद्रा रंगाबद्दल बोलत असायची आणि ती मधूनच पुटपुटायची, ‘आज दमेल दिसस.’ धामणीला ती ‘तो’ म्हणे. मग एका दुपारी, फुलीबाई कामावर गेल्यावर, तिनं आपणहून सांगितलं. तिचा मुलगा रतिलाल. सोळावं लागलेला. कोरीटच्या शेतात पाणी भरायला गेला आणि पायाला डसलं. विष उतरवायला थाळी वाजवणारे बसवले, रात्रभर गाणी म्हटली, आणि पहाटे थाळी थांबली. ‘रतिलाल गया, आन त्याच पावसायामा हाऊ उना. दारमा बठना, हालेच ना. मी वळखी लिधं.’ तिनं उन्हातल्या धामणीकडं बोट केलं. मग आवाज आणखी उतरवून, ‘डोळा दख त्याना. रतिलाल असाच दखे. भूक लागनी म्हंजे.’ पुढं म्हणाली की हे गल्लीत कुणाला बोलायचं नाही. दिराला कळलं तर तो चार माणसं घेऊन येईल, म्हणेल, पोरगा गेला हे पत्करलंस ना, मग आता गेलेल्याचं पाणी-पिंडदान सगळं रीतसर होऊ दे. तिला रीतसर काही करायचं नव्हतं. ‘मी भित वर तुन्हा फुरसं दखं, तवयच समजनू, हिनंबी कोनीतरी शे. तुन्हा भाऊ उना का व, फिरीसन?’

गोठ्यातली हवा एकदम जड झाली. सुभद्रेला आई आठवली. दादाचं तेरावं झाल्यावर मागच्या दारी एक चौकड्यांचा पाणसाप निघाला होता आणि आई पदर पसरून रडत सुटली होती, आला गं माझा बाळ. वडिलांनी काठी घेतली. बारा वर्षांची द्वारका मध्ये उभी राहून ओरडत होती की तो दादा नाही, तो विरोळा आहे, बिनविषारी आहे, मारू नका. आईनं तिच्या थोबाडीत मारली होती, दादा नाही म्हणाली म्हणून. वडिलांनी साप मारला होता. दोघांपैकी कुणालाही तिचं म्हणणं नको होतं. ‘नाही आला,’ सुभद्रा जसोदाबाईला म्हणाली. ‘तो नाही यायचा. त्याला हे पटत नसे.’ जसोदाबाईनं तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. ‘येई,’ ती म्हणाली. ‘धीर धर.’ घरी येताना सुभद्रेच्या मनात एक थंडगार शंका शिरली. म्हणजे इतके दिवस आपण तिघी एकाच गोष्टीकडं बघत बसलो होतो, की एकेकटीच? आपण धामण बघत होतो आणि शेजारीच एक आई मुलाला डोळे भरून बघत होती. ‘द्वारके,’ आवाज म्हणाला, ‘सांगून टाक तिला.’ ती म्हणाली, नाही. त्या दिवसापासून गोठ्यात बसली की तिला आपल्या पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटायला लागलं, सोळा वर्षांचं, उपाशी. तरी ती जात राहिली. माणूस इतक्या वर्षांनी मिळालेली सोबत एवढ्यासाठी सोडत नाही.

होळी झाली, उन्हं चढली, पथारी आवरत आली. फुलीबाई डोंगरात परत गेली, जाताना सुभद्रेला मूठभर चारोळ्या देऊन. आणि चैत्र सरता सरता पथारीवरच्या राखणदाराला, दोधूला, पोती हलवताना काहीतरी चावलं. दोन बारीक टोचे, सूज नाही, दुखणं नाही. म्हणून तो हसत घरी गेला आणि झोपेतच संपला. ऐकताक्षणी सुभद्रेच्या मनानं सांगितलं, मण्यार. पण गल्लीला मण्यार ठाऊक नव्हती, गल्लीला जसोदाबाईच्या गोठ्यातलं जनावर ठाऊक होतं. दोधूला पोहोचवून आलेली माणसं अंगावरच्या ओल्या धोतरानिशी तशीच गोठ्याकडं वळली, हातात काठ्या. जसोदाबाई त्या दिवशी कोरीटला गेली होती. कुणी म्हणालं थांबा तिच्यासाठी, पण थांबायची कुणाची मनःस्थिती नव्हती. सुभद्रा गलका ऐकून धावली. कडब्याच्या पेंढ्या उपसून बाहेर फेकल्या जात होत्या आणि धामण भिंतीच्या कोपऱ्यात सापडली होती. तिच्या डोळ्यांवर साय आलेली. तिला दिसत नव्हतं. ती डोकं उचलून भलत्याच दिशेला, भिंतीकडं फुत्कारत होती.

‘मारू नका! धामण आहे ती, हिला विष नसतं, दोधूला चावली ती मण्यार होती!’ ती ओरडली. तेच वाक्य, तोच सूर, बारा वर्षांच्या मुलीचा. आणि त्याचा उपयोगही तेवढाच झाला. ‘सर बाई, बाजूले व्हय,’ कुणीतरी म्हणालं. पथारीचा मुकादम करणसिंग पुढं झाला. म्हातारा, रीतभात पाळणारा माणूस. त्यानं काठी आडवी धरून सगळ्यांना थोपवलं, कारण विचारल्याशिवाय मारायचं नाही अशी इकडची चाल होती. घरात-गोठ्यात निघालेलं जनावर कुणाच्या घरचं गेलेलं माणूस असू शकतं, म्हणून मारण्याआधी तीन वेळा मोठ्यानं विचारायचं. कुणी आपलं म्हटलं तर काठ्या खाली. पण आपलं म्हणजे आपल्याच रक्ताचं. दुसऱ्याच्या माणसाबद्दल तिसऱ्यानं बोललेलं चालत नाही. आणि एकदा म्हटलं की ते जन्मभर आपलं, त्याला सांभाळणं आपल्यावर. गल्लीत हे खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं. सापाशी नातं खोटं कोण सांगेल?

‘कोनाना शे हाऊ?’ करणसिंगानं विचारलं. सुभद्रेनं दाराकडं बघितलं. जसोदाबाई येण्याचं काही चिन्ह नव्हतं. तिथं भास्करराव उभा होता, स्टेशनातून कुणीतरी बोलावून आणलेला, टोपी हातात.

‘कोनाना शे?’ म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. धामण भिंतीला डोकं घासत होती. सुभद्रेच्या मनात आलं, हिला मारलं तर जसोदाबाईचा मुलगा दुसऱ्यांदा मरेल. खरं म्हणजे हे मनात नंतर आलं. आधी आलं ते एवढंच की ही देखणी आहे आणि हिला दिसत नाही. आणि हिला मारतात ते मला पुन्हा बघवणार नाही.

‘कोनाना शे हाऊ? बोला, नही तं...’

‘माझा,’ सुभद्रा म्हणाली. ‘माझा भाऊ आहे तो. सापच चावून गेला. पुरुषोत्तम त्याचं नाव.’

काठ्या खाली आल्या. इतक्या निमूट, की तिला वाटलं आपलं नीट ऐकलं की नाही यांनी. करणसिंगानं दोन्ही हात जोडले, धामणीला आणि मग तिला. एकेकजण चप्पल घालून निघून गेला. कडबा कुणीतरी परत रचून दिला. सुभद्रा कानाशी काही ऐकू येतं का याची वाट बघत होती. दादा हसेल, चिडेल, म्हणेल द्वारके, हे काय केलंस. काही आलं नाही. तिला वाटलं, रागावला असेल, येईल.

घरी भास्करराव पाय धुऊन पाटावर बसला. ‘तापानं गेला होता ना तुझा भाऊ?’ त्यानं विचारलं. ‘नाही,’ ती म्हणाली. त्यानं मान हलवली. आवाज न चढवता जेवला. पण दुसऱ्या दिवसापासून तो बूट घालायच्या आधी उलटे करून आपटू लागला. आणि दादाचा आवाज आला नाही, तो आलाच नाही. वेणी घालताना, भांडी घासताना ती थबकून थबकून ऐके. कानाशी नुसती पोकळी असे.

जसोदाबाई कोरीटहून आली त्याला दोन दिवस झाले तरी बोलावणं आलं नाही, दूध दुसऱ्या बाईकडून आलं. मग सुभद्राच गेली. वाटेत तिला वाटत होतं की ती आपल्याला पोटाशी धरेल. जसोदाबाई म्हशीखाली बसून धार काढत होती. तिनं बघितलं, पण धार सोडली नाही.

‘मले समजनं,’ ती म्हणाली. ‘तू वाचाडं त्याले. पन तू काय म्हनं व त्यासले?’

‘माझा भाऊ आहे म्हणाले. त्याशिवाय सोडत नव्हते हो. तुमचं नाव मला घेता येत नव्हतं.’

धारेचा आवाज थांबला.

‘तुन्हा भाऊ शे तो,’ ती सावकाश म्हणाली. ‘समद्यासमोर म्हनं तू. तीन डाव इचारं त्यासनी. मंग मन्हा पोऱ्या कोठे शे?’

सुभद्रा खाली बसली, शेणात, लुगड्याची पर्वा न करता. ‘मी खोटं बोलले, जसोदाबाई. तो माझा भाऊ नाही. माझ्या भावाला कोकणात अग्नी दिला, राख समुद्रात गेली त्याची. तो कुणी झाला नाही. ही धामण आहे. नुसती धामण.’

‘खोटं बोलनी?’

‘हो.’

‘असं खोटं बोलता येस?’ जसोदाबाईनं विचारलं. तिच्या स्वरात राग नव्हता. एखादं साधं काम इतकी वर्षं आपल्याला माहीतच नव्हतं, तसा तो स्वर होता. ‘मंग मी काय बोलनू व इतला वरीस?’

सुभद्रेच्या मनात आलं, खोटं बोलले नाही म्हणावं, तर जसोदाबाईचा मुलगा जातो; खोटं बोलले म्हणावं, तरी जातो. कडब्याच्या बुडातून धामण बाहेर आली, नवी कात, नवे डोळे, अंगावर अशी झळाळी की उन्हाची पट्टी फिकी पडावी. सुभद्रेची नजर नकळत तिच्याकडं वळली. जसोदाबाईनंही बघितलं. बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे तोंडावरून निसटून धामणीच्या अंगावरून फिरले, लांबीवरून, शेपटीवरून, जसं कुणीही परकं माणूस बघेल तसे. तिनं अंग आखडून घेतलं आणि पाय ओढून म्हशीच्या आडोशाला सरकली.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. या मुलखात त्या दिवशी घरोघर गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. जसोदाबाईच्या दारात नवी कोरी घागर बघून सुभद्रा थांबली. कोरीटहून दीर आला होता, शेजारच्या बायका जमल्या होत्या. कुणीतरी तिला सांगितलं की पोरगा गेल्यापासून हिनं एकदाही त्याची घागर भरली नव्हती, दरवर्षी भांडण व्हायचं, औंदा मात्र आपणहून कुंभाराकडं गेली. जसोदाबाईनं घागरीत पाणी ओतलं. ओतताना ‘रतिलाल’ म्हणाली, आणि घागर भरल्यावर ती जमिनीवर कोसळली आणि रडली, जसं तासाभरापूर्वी पोरगं उचलून नेलं असावं. दीर डोळे पुसत होता. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, रडू द्या, बरं झालं, इतक्या वर्षांनी का होईना, मोकळी झाली. सुभद्रेला पुढं होववेना. जसोदाबाईनं मान वर केली तेव्हा ती समोरच दिसली. जसोदाबाईचा चेहरा सुजलेला, भुईसपाट झालेला. त्यात वैर नव्हतं.

‘तुन्हा भाऊले पानी ठेवं का व आज?’ तिनं विचारलं.

सगळ्या बायकांनी सुभद्रेकडं बघितलं. ती ‘नाही’ अशी मान हलवून गोठ्यात गेली. मातीचं एक पसरट भांडं होतं, त्यात तिनं पाणी घातलं आणि कडब्याच्या बुडाशी नेऊन ठेवलं. बाहेर रडणं आता हळू झालं होतं. धामण काही आली नाही. सुभद्रा उकिडवी बसली, म्हशींनी दोनदा मान वळवून बघितलं. मग तिनं दाराकडं पाहून घेतलं, कुणी नव्हतं. ती गंजीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, ‘दादा.’ थोडं थांबून पुन्हा म्हणाली. आणि उत्तराला द्वारके अशी हाक येते का, म्हणून कान देऊन तिथंच बसली.